नळीत उरलेला धातू

जुन्या दुनळी बंदुकीच्या नळ्या आतून लख्ख दिसल्या की घेणारा खूश होतो. मला मात्र तिथेच शंका येते. शंभरेक वर्षांची बंदूक, त्यातली बरीचशी वर्षे कोकणच्या पावसाळ्यांत माजघराच्या भिंतीवर टांगून काढलेली, आणि ज्या काळातल्या काडतुसांच्या टोप्या जळल्यावर नळीत खार सोडत त्या काळात भरपूर बार काढलेली. अशा नळीत थोडे तरी गंजाचे खड्डे असायला हवेत. नसतील तर दोनच शक्यता उरतात. एक तर मालक फार जपणारा होता. असे मालक असतात, पण विरळा. नाहीतर कुणीतरी नळी आतून घासून घेतली आहे. खड्डा घासून काढायचा म्हणजे त्याच्या भोवतालचा सगळा धातू खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवायचा. डाग जातो, पण सोबत धातूही जातो, आणि गेलेला धातू डोळ्याला दिसत नाही. उलट थोडे खड्डे पडलेली, कुणी हात न लावलेली नळी दिसायला ओंगळ असली तरी तिच्यात लोखंड शिल्लक असते. हे पुस्तक त्या शिल्लक लोखंडाविषयी आहे.

मी शिकारी नाही, बंदुकांचा व्यापारीही नाही. बहरीनमध्ये जहाजदुरुस्तीच्या कामात मापे घेण्यात माझे आयुष्य गेले. जहाजाच्या इंजिनाचा लायनर किती झिजला हे पाहायचे तर आत हात फिरवून किंवा टॉर्च मारून कुणी ठरवत नाही. ठरलेल्या उंचींवर, आडव्या-उभ्या दोन दिशांनी मायक्रोमीटर लावतात, आकडे वहीत उतरवतात, मागच्या वेळच्या आकड्यांशी ताडतात. बंदुकीची नळी हीदेखील दाब सोसणारी नळीच. तिच्यात क्षणभर का होईना, लायनरपेक्षा कितीतरी जास्त दाब तयार होतो. तरी ती जोखताना आपण आजोबांचे नाव, दोन नळ्यांमधल्या पट्टीवरची अक्षरे आणि डोळ्याला दिसणारी चकाकी यांवर भागवतो, हे मला कधी पटले नाही.

राहायला मी सलमानियात. मनामाचा हा भाग आमच्या लोकांना ओळखीचा आहे तो मोठ्या सरकारी इस्पितळामुळे. इस्पितळात आणि आसपास नोकरी करणारे, भाड्याने राहणारे रत्नागिरी-सिंधुदुर्गचे, कोल्हापूरचे बरेच लोक इथे भेटतात. त्यांच्यापैकी कुणाकडे इथे बंदूक नाही. प्रश्न गावच्या बंदुकीचा असतो. काका गेले, परवाना त्यांच्या नावावर होता, बंदूक पोलीस ठाण्यात जमा आहे, भावाला ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची आहे, आणि रानडुकरांनी नाचणी ठेवलेली नाही. मग फोनवर नळीचे फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते: "बघून सांगा, चालेल का?" फोटोवरून नळी चालेल की नाही हे सांगता येत नाही. तरी कुठे बघायचे, काय मोजून घ्यायचे, मोजायला कुणाकडे जायचे हे सांगता येते. तेच लिहून पाठवता पाठवता टिपणांची चळत झाली आणि त्यातून हे पुस्तक उभे राहिले.

आखाताचा आणि मुंबईच्या बंदुकांचा संबंध आमच्या नोकऱ्यांच्या आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात बराच काळ आखाताचा ब्रिटिश कारभार मुंबई सरकारच्या हाताखाली चाले. १८७३ मध्ये तो हिंदुस्थान सरकारकडे गेला. शतकाच्या शेवटी या किनाऱ्यावर शस्त्रांचा व्यापार इतका बोकाळला की इंग्रजांनी एकेका शेखाकडून बंदीचे करार करून घेतले. बहरीनचे शेख ईसा बिन अली यांनी असा करार १८९८ मध्ये केला आणि बेटावर शस्त्रे आणणे-नेणे कागदोपत्री तरी थांबले. तिकडे हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातातली बंदूक परवान्याला बांधून टाकली होती. आज आपल्या घरांत सापडतात त्या जुन्या विलायती दुनळ्यांमधल्या बऱ्याच या परवान्यांच्या काळातल्या आहेत. कुणा इनामदाराने, खोताने, जंगलखात्यातल्या नोकराने किंवा पेन्शनीत निघालेल्या सुभेदाराने घेतलेल्या. संस्थानिकांच्या बंदुकांची गोष्ट वेगळी. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात शस्त्रे काचेआड आहेत, त्यांच्यावर देखरेख आहे. घरगुती बंदुकीचा इतिहास फक्त तिच्या नळ्यांवर लिहिलेला असतो, आणि तो वाचायला कुणी शिकवलेले नसते.

शिकारीबद्दल आधीच स्पष्ट बोललेले बरे. हे पुस्तक वाचून कुणाला शिकारीला निघायचे असेल तर त्याने ते इथेच मिटावे. ज्या दाजीपूरच्या रानात कोल्हापूर संस्थानच्या शिकारी चालत, ते १९५८ मध्येच अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार हा विषय संपला. उरली ती पीक वाचवण्यासाठीची परवानगी: शेताची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्याला मारण्याचा लेखी आदेश, तोही वनखात्याच्या अधिकाऱ्याने दिलेला. कोकणात शेती संरक्षणाचे परवाने पुष्कळ आहेत आणि निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा करण्यावरून दरवेळी कुरबूर होते, कारण डुकरांना आचारसंहिता लागू नसते. या परवान्यांवरच्या बंदुकांत ठासणीच्याही असतात आणि जुन्या बारा बोअरच्या दुनळ्याही. पुस्तक या दुसऱ्यांबद्दल आहे. रात्री मचाणावर बसलेल्या शेतकऱ्याच्या गालाला टेकलेली नळी फुटू नये, एवढीच त्यामागची इच्छा.

आता मुद्द्याकडे. पहिली चूक होते ती पट्टीवरचे नाव वाचण्यात. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर सुंदर कोरलेले नाव पुष्कळदा दुकानाचे असते, घडवणाऱ्याचे नसते. मुंबईत काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा १८९१ पासून होती. या कंपनीच्या नावाच्या बंदुका प्रसिद्ध आहेत, पण कंपनी बंदुका विकत असे, घडवीत नसे. घडत त्या बहुधा बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत. बेल्जियममधल्या लिएजच्याही कितीतरी बंदुका इंग्रजी वाटतील अशी नावे लावून जगभर गेल्या. म्हणून नाव वाचून खिशात हात घालू नये. बंदूक उघडून नळ्या वेगळ्या कराव्यात आणि त्या उलट्या करून ब्रीचजवळच्या, म्हणजे मागच्या तोंडाजवळच्या, सपाट भागावरचे बारीक शिक्के भिंगाखाली बघावेत. नळीची जन्मपत्रिका तिथे आहे.

हे शिक्के प्रूफ हाउसचे. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ मध्ये स्थापन झाले, लिएजची परंपरा तर १६७२ पर्यंत मागे जाते. काम तिन्ही ठिकाणी एकच: विकण्याआधी नळीत नेहमीपेक्षा जास्त जोराची दारू भरून बार काढायचा, नळी फुगली नाही, फाटली नाही तर शिक्का मारायचा. बर्मिंगहॅमच्या जुन्या नळ्यांवर मुकुटाखाली एकमेकांवर आडवे ठेवलेले राजदंड दिसतात. १९०४ पासून मुकुटाखाली 'बीपी', 'बीव्ही' आणि धूरविरहित दारूच्या चाचणीसाठी 'एनपी' ही अक्षरे आली. लंडनच्या 'एनपी'वर तलवार धरलेला हात असतो. लिएजच्या शिक्क्यात मुकुट आणि अंडाकृतीत 'ईएलजी', तर धूरविरहित दारूसाठी सिंह आणि 'पीव्ही'. १८७५ ते १८८७ या काळातल्या चोक असलेल्या काही इंग्रजी नळ्यांवर 'नॉट फॉर बॉल' असे लिहिलेले सापडते. ती सूचना आजही तितकीच खरी आहे: पुढे अरुंद होत गेलेल्या नळीतून अख्खी गोळी झाडायची नाही.

'एनपी' नसणे म्हणजे नळी कमजोर असणे नव्हे. तिची त्या दारूवर कधी परीक्षाच झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण परीक्षा न झालेल्या नळीची परीक्षा आपल्या डाव्या हाताच्या बोटांनी घेऊ नये. उलट बाजूही लक्षात ठेवावी. शिक्का आहे म्हणजे परीक्षा झाली, ती त्या दिवशीच्या नळीची. त्यानंतर कुणी आतून घासले असेल, बाहेरून कानशीने उतरवले असेल, तर शिक्का तसाच राहतो आणि नळी दुसरीच होते. इंग्लंडमध्ये १८६८ च्या कायद्याने अशी प्रूफबाहेर गेलेली बंदूक विकणे गुन्हा आहे. आपल्याकडे विकणाऱ्याचा शब्द आणि घेणाऱ्याचे डोळे यांवर व्यवहार होतो.

शिक्क्यांमधला सर्वांत उपयोगी आकडा बोअरचा. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास तो बारा बोअरचा: ०.७२९ इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. १८८७ ते १९५४ या काळात प्रूफ हाउस ब्रीचपासून नऊ इंचांवर नळीचा आतला व्यास मोजून शिक्का मारी. नुसते '१२' लिहिले असेल तर तेव्हा व्यास ०.७२९ किंवा त्याहून जास्त, पण ०.७४० पेक्षा कमी होता, ०.७४० झाला की '१२/१' असा वेगळा शिक्का होता. समजा आज त्याच जागी ०.७४५ भरले. म्हणजे नळीतून कमीत कमी पाच हजारांश आणि फार तर सोळा हजारांश इंच गेले आहेत. ही नळी प्रूफबाहेर आहे, आतून कितीही चकाको. मी चकाकीवर शंका का घेतो ते या एका आकड्यात आहे.

पण व्यास पुरेसा नाही, खरा प्रश्न जाडीचा. नळीच्या भिंतीवर येणारा ताण दाबाच्या आणि व्यासाच्या प्रमाणात वाढतो, जाडीच्या प्रमाणात घटतो. जाडी निम्मी झाली की ताण दुप्पट. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाचा दाब युरोपीय नियमांत ७४० बारपर्यंत धरतात आणि प्रूफचा बार त्याहून सुमारे पाव पटीने जास्त असतो. हा दाब चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या भागात, आणि त्यापुढच्या काही इंचांत सर्वांत जास्त, पुढे झपाट्याने उतरतो. म्हणूनच नळी मागे जाड आणि पुढे पातळ घडवतात. ब्रिटिश कारागिरांचा ठोकताळा असा की पुढच्या भागात कुठेही जाडी ०.०२० इंचाच्या, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या, खाली गेली की हात आखडता घ्यावा. हा ठोकताळा पुढच्या भागाचा आहे हे विसरू नये. चेंबरच्या पुढे चार इंचांवर जाडी अर्धा मिलिमीटर निघाली तर त्या बंदुकीबद्दल पुढे बोलायचे काही उरत नाही.

जाडी मोजायला बाहेरून कॅलिपर लावून आतला व्यास वजा करणे हा सोपा पण फसवा मार्ग. जुन्या नळ्या बाहेरून हाताने कानसलेल्या असतात, आतले भोक बाहेरच्या गोलाशी जुळेलच असे नाही. एका बाजूला ०.०३५ आणि दुसऱ्या बाजूला ०.०२१ अशी नळी वजाबाकीत छान २८ हजारांशांची निघते. म्हणून लांब दांडीवर बसवलेला जाडीचा डायल गेज लागतो. तो कुठल्याही चांगल्या टर्नरला बनवता येतो. आकृती पुस्तकात दिली आहे. दर दोन इंचांवर, नळीभोवती निदान चार जागी, वाचन घ्यावे. कंटाळवाणे काम आहे. मला ते आवडते, पण माझ्या आवडीला फारसे वजन देऊ नये.

धातू जातो कुठे, हे कळले की कुठे मोजायचे तेही कळते. पहिला चोर खार. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या क्लोरेटचे जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. तो हवेतले पाणी ओढतो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यातच विरघळतो. आपल्याकडे बार काढून झाला की नळीत तेलाची चिंधी फिरवायची पद्धत. त्याने खार नळीला चिकटून राहिला आणि वर तेलाचा थर बसला. नळी आधी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून मग तेल लावणाऱ्यांच्याच नळ्या टिकल्या. कोकणची दमट हवा आणि मनामाची खारी हवा यांत लोखंडाच्या दृष्टीने फार फरक नाही, हे मी इथल्या यार्डात रोज पाहिले आहे.

दुसरा चोर पोचा. नळी दगडावर आपटली, पोचा बाहेरून आत आला. तो जाणकार कारागिराकडून आतून उचलून घ्यायचा असतो. घाईचा कारागीर तो न उचलता आत आलेला उंचवटा घासून टाकतो. आतून नळी सरळ दिसते आणि बाहेर बोटाला खळगा लागतो तिथे जाडी पार गेलेली असते. बाहेरून बोट फिरवणे हा फुकटचा उपाय आहे, तरी तो कुणी करत नाही. तिसरा चोर कानस: गंज काढून नळी पुन्हा काळी करायच्या आधी बाहेरून धातू उतरवतात. ब्रीचजवळचे शिक्के अंधूक झाले असतील, अक्षरांच्या कडा पुसट असतील, तर तिथूनही धातू गेला आहे. काळा रंग नवा आणि शिक्के पुसट, ही जोडी दिसली की गेज काढावा.

काळ्या रंगाचा आणखी एक उपद्रव आहे. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधल्या पट्ट्या कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात. हल्लीचे झटपट काळे करणे म्हणजे उकळत्या कॉस्टिकच्या टाकीत बुडवणे, आणि कॉस्टिक डाख खाते. पट्टी सुटते, आत पाणी शिरते, दोन नळ्यांच्या मधे न दिसणारा गंज सुरू होतो. म्हणून नळ्या बंदुकीतून काढून, मागच्या हुकाला दोरी बांधून अधांतरी लटकवाव्यात आणि बोटाच्या पेराने हलकेच वाजवाव्यात. पट्ट्या धड असतील तर लांबत जाणारा खणखणीत नाद येतो. सुटल्या असतील तर बद्द आवाज येतो किंवा काहीतरी थरथरते. ही जुनी परीक्षा अजून चांगली आहे. ती डाखाची परीक्षा आहे, नळीच्या भिंतीची नव्हे. हा फरक सांगणारे कमी भेटतात.

डमास्कस नळ्यांबद्दल मला सर्वांत जास्त विचारले जाते, कारण त्यांच्यावरची नक्षी फोटोत देखणी दिसते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, दांड्यावर गुंडाळून, तापवून हातोड्याने सांधलेल्या या नळ्या. नक्षी उठते ती आम्लाने. दख्खनच्या वुट्झ पोलादाशी यांचे नाव जोडले जाते, पण ती मुशीत वितळवलेल्या पोलादाची वेगळी गोष्ट आहे. काही बेल्जियन नळ्यांवर तर साध्या पोलादावर नक्षीचा नुसता छाप उमटवलेला असतो. डमास्कस म्हणजे धोका असे मी म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये चांगल्या डमास्कस नळ्या आजही धूरविरहित दारूच्या प्रूफमधून उतरतात. अडचण वेगळी आहे. या नळीत हजारो सांधे आहेत, त्यांत राखाडी ठिपक्यांसारखा अडकलेला मळ असतो, आणि एखाद्या सांध्याच्या कडेने गंज आत किती गेला हे गेज सांगत नाही. पुन्हा प्रूफ करून घेण्याची सोय ज्याला नाही, त्याने अशा नळीत आजची काडतुसे घालू नयेत. यावर माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे मी ऐकतो आणि माझे बदलत नाही.

चेंबरच्या लांबीबद्दल पुस्तकात एक आख्खे प्रकरण आहे, कारण घोटाळा इथेच होतो. जुन्या इंग्रजी बारा बोअरचे चेंबर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर. आजची पुष्कळशी काडतुसे ७० मिलिमीटरची. पुठ्ठ्यावरची लांबी ही काडतूस उडाल्यावर, तोंड उघडल्यानंतरची असते. मुडपलेल्या तोंडाचे ७० चे काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसते, बंदूक बंद होते, आणि बार उडताना तोंड उघडायला जागा न मिळाल्यामुळे दाब चढतो. बसले म्हणजे चालते, हा समज यामुळे धोक्याचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे असोत वा विलायती, खोक्यावरची लांबी आणि नळीवरची लांबी जुळवून बघावी. १९५४ नंतरच्या बर्मिंगहॅम शिक्क्यांत 'तीन टन' असा दाबाचा आकडाही असतो. तो असेल तर काम बरेच सोपे होते.

नळ्या फुटण्याच्या घटनांत पातळ भिंतींपेक्षा अडथळ्यांचा वाटा मोठा आहे असे मला वाटते. भिंतीवर टांगलेली नळी कुंभारीण माशीला आवडते. महिन्याभरात ती आत मातीचे घर बांधते. बाहेरून काही दिसत नाही, आणि त्यावर बार काढला की नळीला गोल कडे पडते किंवा ती चिरते. आतून उजेडाकडे धरून बघताना एखाद्या जागी गोल सावली दिसली तर ते असले जुने कडे आहे असे समजावे. दुसरा अडथळा वीस बोअरच्या काडतुसाचा. ते बारा बोअरच्या चेंबरमधून घसरून पुढे अडकते, नळी रिकामी वाटते, मागून बाराचे काडतूस जाते. वीस बोअरची काडतुसे पिवळी करण्याचा रिवाज पडला तो यासाठीच. दोन बोअरच्या बंदुका एकाच घरात असतील तर काडतुसे एका पेटीत ठेवू नयेत.

चोकबद्दल थोडक्यात. नळीचे तोंड जितके आवळलेले, तितके छर्रे एकत्र जातात. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात सत्तर टक्के छर्रे पडले तर पूर्ण चोक, चाळीस टक्के पडले तर सिलिंडर, अशी ढोबळ मोजणी आहे. पुढून कापून आखूड केलेल्या नळ्यांत चोक उरत नाही आणि नळ्यांच्या तोंडांमध्ये फट दिसते. ती शिशाने बुजवलेली असू शकते, तेव्हा नखाने टोकरून बघावे. एल.जी., म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांची काडतुसे, वापरणाऱ्यांनी एवढे तरी करावे: नळी रिकामी आहे याची खात्री करून ते छर्रे तोंडातून सुटे पडतात का ते पाहावे.

जिम कॉर्बेटला लहानपणी मिळालेल्या ठासणीच्या दुनळीची उजवी नळी चिरलेली होती, हे त्याने 'जंगल लोअर'मध्ये स्वतःच लिहिले आहे. जुनी बंदूक वापरायचीच असे ठरवलेले लोक ही गोष्ट मला मोठ्या उत्साहाने ऐकवतात. कॉर्बेटने डाव्या नळीवर भागवले, एवढे मात्र ते सांगत नाहीत.

नळी नापास झाली तर काय करायचे, यावर शेवटचे प्रकरण आहे. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे वारसाहक्काची तिसरी बंदूक आली की निर्णय घ्यावाच लागतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातले ४५ वे कलम कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, दुरुस्त करूनही झाडता न येणाऱ्या शस्त्राला सूट देते. पण तशी अवस्था झाली आहे हे परस्पर ठरवू नये, जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी घ्यावे. नळी पास झाली तरी पहिले दोन बार खांद्याला लावून काढू नयेत. बंदूक जुन्या टायरला घट्ट बांधावी, चापाला लांब दोरी लावावी, झाडाआडून ओढावी. मग नळ्या गरम पाण्याने धुवाव्यात, कोरड्या कराव्यात, आणि आधीच्याच सगळ्या जागी व्यास पुन्हा मोजावा. दोन वाचनांत हजारांश इंचाचाही फरक पडला तर बंदूक परत ठाण्यात.

गेजची आकृती काढून देणाऱ्या आणि नाव छापू नका म्हणून बजावणाऱ्या सावंतवाडीच्या कारागिराचे या पुस्तकावर ऋण आहे. शिक्क्यांचे तक्ते त्यांच्या वहीवरून घेऊन मी शक्य तिथे पडताळून पाहिले आहेत.

सलमानिया, बहरीन